कवीच्या वाढदिवसाला बंगालात

८ मे, कोलकाता

रवींद्रनाथ टागोरांचा जन्म ७ मे १८६१ चा, पण बंगालात या तारखेला फारसं महत्त्व नाही. तिथे वाढदिवस होतो तो बंगाली पंचांगातल्या २५ वैशाखाला. यंदा हा दिवस ९ मेला येत होता, म्हणून आदल्या सकाळीच आम्ही कोलकात्यात उतरलो. आम्ही म्हणजे मी आणि माझी आत्या. आत्याने जन्मभर शाळेत गाणं शिकवलं. पु. ल. देशपांडे पन्नाशीला आल्यावर बंगाली शिकले, १९७० साली शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि पुढे त्यांनी 'वंगचित्रे' लिहिलं. ते पुस्तक वाचल्यापासून आत्याच्या मनात होतं की एकदा तरी पंचवीस वैशाख तिथे जाऊन बघायचा. निवृत्तीनंतर तिने बंगाली लिपी गिरवली. आता ती रवींद्रनाथांच्या गाण्यांचा संग्रह 'गीतबितान' अडखळत का होईना, पण मुळातून वाचते.

मुक्काम हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात. सामान टाकून दुपारी कॉलेज स्ट्रीटला गेलो. जुन्या पुस्तकांच्या दुकानांची ती रांग मी आधीही पाहिली होती, पण या आठवड्यात तिथे जिकडे तिकडे पांढरी दाढी दिसते. 'गीतबितान', 'संचयिता', 'गल्पगुच्छ' यांच्या थप्प्या अगदी पुढे मांडलेल्या. 'गीतबितान'मध्ये रवींद्रनाथांची सुमारे २२०० गाणी आहेत. पूजा, स्वदेश, प्रेम, प्रकृती असे विभाग स्वतः कवीनेच पाडलेले. २००१ सालाच्या अखेरीपर्यंत या सगळ्या साहित्याचे हक्क विश्वभारतीकडे, म्हणजे शांतिनिकेतनातल्या त्यांच्याच विद्यापीठाकडे होते. कायद्याप्रमाणे ते १९९१ मध्येच संपायचे, पण १९९२ साली कायदा बदलून मुदत ५० वर्षांवरून ६० वर्षं केली गेली. तोवर ध्वनिमुद्रिकेसाठी गाणं गायचं तर विश्वभारतीच्या संगीत मंडळाची मंजुरी लागे. देवव्रत विश्वासांसारख्या थोर गायकाचं याच मंडळाशी बिनसलं आणि त्यांनी पुढे रवींद्रसंगीत ध्वनिमुद्रित करणंच थांबवलं. आत्याच्या मते बंधन होतं म्हणून चाली शुद्ध राहिल्या. मला मात्र वाटतं, इतकी राखण केली नसती तरी लोकांनी त्या जपल्याच असत्या. यावर आम्ही कॉफी हाउसमध्ये बराच वेळ वाद घातला.

संध्याकाळी चालत परतताना चौकातल्या सिग्नलला रवींद्रसंगीत लागलं होतं. २०११ पासून शहरातल्या अनेक सिग्नलांवर ते वाजतं. त्याहून छान गोष्ट एका गल्लीत दिसली. तळमजल्यावरच्या एका खोलीत दहाबारा बायका आणि चार मुलं उद्याच्या कार्यक्रमाची तालीम करत होती. पेटीवर बसलेल्या बाई दर ओळीला थांबवून एकाच मुलीचा स्वर सरळ करत होत्या. आम्ही दारात रेंगाळलोय हे बघून त्यांनी आत बोलावलं, चटईवर बसवलं, आणि उद्या संध्याकाळी यायचंच असं बजावलं. पाड्याचा, म्हणजे त्या मोहल्ल्याचा, हा कार्यक्रम. वर्गणी घरोघरची.

९ मे, २५ वैशाख

पहाटे पिवळी टॅक्सी करून जोडासांकोला निघालो. रवींद्र सरणी, म्हणजे जुना चितपूर रोड. तिथून द्वारकानाथ टागोर गल्लीत वळलं की समोर ठाकूरबाडी, म्हणजे टागोरांचं घर. आजूबाजूला बडाबाजारचा गजबजाट, आणि आत हिरव्या झडपांच्या खिडक्यांचं प्रशस्त घर. रवींद्रनाथ इथेच जन्मले आणि ७ ऑगस्ट १९४१ रोजी, बंगाली २२ श्रावणाला, इथेच गेले. १९६२ पासून इथे रवींद्र भारती विद्यापीठ आहे.

आम्ही पोचलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं, तरी फाटकापाशी रांग लागलेली. लाल काठाच्या पांढऱ्या साड्या, केसांत फुलं. पुरुष धोतर आणि कुडत्यात, ज्याला तिथे 'पंजाबी' म्हणतात. कुणाच्या हातात रजनीगंधाचे दांडे, कुणाच्या हातात नुसतीच छत्री. माझ्यापुढे एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. मांडवात गाणी सुरू झाली आणि आजी हळू आवाजात साथ धरू लागल्या. मागे वळून बघितलं तर रांगेतले निम्मे लोक गातायत. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी पहिल्याने ऐकलं ते 'हे नूतन'. या गाण्याची जन्मकथा कळल्यावर ते वेगळंच ऐकू येतं. १९२२ साली कवीने आपल्या वाढदिवसावर एक कविता लिहिली होती. १९४१ च्या मे महिन्यात, प्रकृती पार खालावलेली असताना, जवळच्या माणसांनी वाढदिवसासाठी नवं गाणं मागितलं. कवीने त्या जुन्या कवितेतला भाग घेऊन थोडा बदलला, त्याला चाल दिली. वाढदिवसाला दोन दिवस राहिले होते. तोच त्यांचा शेवटचा वाढदिवस. स्वतःच्या जन्मदिवसाचं गाणं स्वतःच रचून ठेवायचं, आणि त्यात पुन्हा नव्याने प्रकट होण्याची हाक द्यायची! गेली आठ दशकं बंगाल हा दिवस त्याच गाण्याने उघडतो.

आत संग्रहालयात चपला काढून जायचं. जन्माची खोली लहानशी आहे. तिथे लोक घोटाळतात, हात जोडतात, पुढे सरकतात. शेवटच्या आजारपणाच्या खोलीपाशी मात्र सगळ्यांची पावलं अडखळतात. ३० जुलै १९४१ रोजी याच घराच्या व्हरांड्यात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच सकाळी त्यांनी राणी चंद यांना आपली अखेरची कविता सांगून लिहून घ्यायला लावली. वाचून पुन्हा तपासायची राहूनच गेली. आत्या तिथल्या भिंतीवरचा मजकूर एकेक अक्षर लावत वाचत होती. मागची रांग तिच्यासाठी थांबली. कोणी पुढे चला म्हटलं नाही, उलट एका कॉलेजातल्या मुलाने तिला जोडाक्षरं वाचून दाखवली.

या घराच्या गच्चीवर १८८१ साली 'वाल्मीकि प्रतिभा' हे संगीतनाट्य झालं होतं, वाल्मीकीच्या भूमिकेत वीस वर्षांहून लहान रवींद्रनाथ. गाणं, नाटक, घरची माणसं प्रेक्षक आणि घरचीच नट. आज जे गल्लोगल्ली होतं त्याचं मूळ मला त्या गच्चीत दिसलं.

वाढदिवसाची सुरुवातही घरातलीच. १८८७ साली भाची सरलादेवी सकाळी उठून पार्क स्ट्रीटवरच्या घरी गेली. रवींद्रनाथ तेव्हा तिथे मोठे भाऊ सत्येंद्रनाथांकडे राहत होते. तिने घरच्या बकुळीच्या फुलांची माळ गुंफून नेली होती, सोबत धोतर आणि उपरणं. झोपलेल्या मामाला उठवून पाया पडली. तोवर त्यांचा वाढदिवस कधी कोणी साजरा केला नव्हता. १९१० मध्ये शांतिनिकेतनातल्या आश्रमवासीयांनी तो केला, पुढच्या वर्षी पन्नास पूर्ण झाल्यावर मोठ्या थाटाने केला, आणि मग तो साऱ्या बंगालचा झाला.

सत्येंद्रनाथांचं नाव निघालं की मराठी माणसाने थांबायलाच हवं. आयसीएस झालेले ते पहिले भारतीय. नेमणूक मुंबई इलाख्यात. अहमदाबाद, कारवार अशी गावं करत शेवटी ते साताऱ्याला न्यायाधीश होते. मराठी शिकले, तुकारामाचे अभंग बंगालीत आणले. धाकट्या भावानेही तुकारामाचे काही अभंग भाषांतरित केले आहेत. १८७८ मध्ये विलायतेला जाण्याआधी सतरा वर्षांचे रवींद्रनाथ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडांच्या घरी राहिले. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी हे एक. त्यांची मुलगी अन्नपूर्णा या लाजऱ्या तरुणाला इंग्रजी बोलायला शिकवत होती. तिने कवीकडून स्वतःसाठी एक नाव मागून घेतलं, आणि त्यांनी ते 'नलिनी' असं दिलं. १९०४ मध्ये त्यांनी 'शिवाजी उत्सव' ही दीर्घ कविता लिहिली. ती सखाराम गणेश देउस्करांच्या पुस्तिकेसाठी होती. देउस्कर मराठी घराण्यातले, पण लिहायचे बंगालीत. या सगळ्या गोष्टी आपल्या शाळेच्या पुस्तकांत का नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नऊच्या सुमाराला गिरीश पार्कहून मेट्रो धरून रवींद्र सदन स्टेशनवर उतरलो. या स्टेशनच्या भिंतींवर कवीच्या हस्तलिखितांतली अक्षरं आणि खाडाखोडीतून उमटलेली चित्रं मोठी करून लावली आहेत. ओळ खोडताना त्या रेघा एकमेकींना जोडत त्यांचे पक्षी नि प्राणी व्हायचे, आणि त्यातूनच साठीनंतर हा माणूस चित्रकार झाला. बाहेर रवींद्र सदनच्या आवारात गायक एकामागून एक येत होते. नावाजलेले आणि नवखे, प्रत्येकाला दोनच गाणी. ऊन डोक्यावर आलं तरी लोक वर्तमानपत्रं अंथरून बसलेले. निवेदक गाण्याचं नाव सांगायच्या आत पहिल्या सुरावरच श्रोते ओळखत होते. मी लिंबाचं सरबत पीत सावलीत उभी राहिले. आत्या जागची हलली नाही.

दुपारी झोप काढली. चारच्या सुमाराला आभाळ काळंठिक्कर झालं आणि कालबैशाखी आली. धूळ, वारा, मग पंधरा मिनिटं झोडपणारा पाऊस. पाड्यातला मांडव वाचला, खुर्च्या भिजल्या. पोरांनी गमछे घेऊन त्या पुसल्या आणि कार्यक्रम तासभर उशिरा लागला.

मंचावर कवीची तसबीर, कपाळावर चंदनाचे ठिपके, गळ्यात रजनीगंधाचा हार. आधी लहान मुलं. एक सहा-सात वर्षांचा मुलगा 'वीरपुरुष' म्हणायला उभा राहिला. आई पालखीत, आपण घोड्यावर, वाटेत दरोडेखोर, आणि मी एकट्याने त्यांना पळवून लावलं, अशी ही लहान मुलाच्या तोंडची कविता. दरोडेखोर आल्यावर तो पुढचं विसरला. विंगेतून आई सांगायच्या आत समोरच्या चार-पाच रांगांनी एका आवाजात ती ओळ म्हटली. मुलगा दचकला नाही, हसलाही नाही. ओळ घेतली आणि लढाई पुढे चालू केली.

मग काल तालमीला भेटलेल्या बायकांनी 'चंडालिका' या रवींद्रनाथांच्या नृत्यनाट्यातला प्रवेश केला. तहानलेला बौद्ध भिक्षू आनंद, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या प्रकृतीकडे त्याने मागितलेलं पाणी. प्रकृती झालेल्या बाई दिवसा एका बँकेत रोखपाल आहेत, असं शेजारी बसलेल्या काकूंनी सांगितलं. पाणी ओतायच्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. तंत्र कच्चं होतं, पावलं दोनदा चुकली. पण कथेतला अपमान आणि मग स्वतःची किंमत कळल्याचा तो हर्ष, दोन्ही खरं वाटत होतं. महाराष्ट्रातून, चवदार तळ्याच्या मुलखातून गेलेल्या बाईला तो प्रवेश बसून नुसता बघवत नाही. शेवटी प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचं पाकीट आलं, आत एक सिंगाडा, म्हणजे बंगाली समोसा, आणि संदेश नावाची एक मिठाई.

रात्री परतताना मनात देहूची बीज येत होती. तुकाराम आपल्याकडे जगला तो टाळावर, तोंडी, वारीच्या वाटेवर. त्यासाठी ग्रंथ उघडून बसावं लागलं नाही. रवींद्रनाथांचंही इथे तेच झालंय. फरक एवढाच, की या कवीने आपल्याभोवती जमणाऱ्या लोकांच्या हातात साधनंही देऊन ठेवली. लहानांना पाठ म्हणायला कविता, बायकांना बसवायला नृत्यनाट्यं, प्रत्येक ऋतूला गाणी, लग्नाला गाणी, मरणाला गाणी. वर्गणी काढून जमलेल्या पाड्याला काय करायचं असा प्रश्नच पडत नाही. कुसुमाग्रजांच्या वाढदिवसाला, २७ फेब्रुवारीला, आपण मराठी भाषा गौरव दिन करतो. त्या दिवशी आमच्या सोसायटीत 'कणा' सगळ्यांनी मिळून म्हणावी, एवढं मी ठरवून टाकलं आहे.

१० मे, बोलपूर

हावड्याहून सकाळची गाडी. वर्धमाननंतर झालमुडीवाले चढले, त्यांच्यामागून एकतारा घेऊन एक बाऊल, म्हणजे गाणी म्हणत फिरणारा साधू. अजय नदी ओलांडली की माती तांबडी होते. बोलपूर स्टेशनाबाहेरून टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, केली.

मी मनात धरून आले होते की शांतिनिकेतनात आदल्या दिवशीच्या सोहळ्याची निदान सजावट तरी दिसेल. एका निवृत्त शिक्षकांनी, जे इथल्या शाळेत, पाठभवनातच शिकले आणि तिथेच शिकवत राहिले, वेगळंच सांगितलं. इथे वैशाखात विहिरी आटत, पाण्याचे हाल होत, म्हणून २५ वैशाखाच्या आधीच सुट्टी लागायची. मुलांशिवाय वाढदिवस कसला? म्हणून कवीच्या अखेरच्या वर्षांत तो पहिल्या वैशाखाला, बंगाली नववर्षाबरोबरच, करायची पद्धत पडली. १४ एप्रिल १९४१ चा तो समारंभ अखेरचा. 'सभ्यतेचं संकट' हे व्याख्यान क्षितिमोहन सेनांनी वाचलं आणि कवी ऐकत बसले होते. महायुद्ध पेटलेलं, इंग्रजी संस्कृतीवरचा त्यांचा विश्वास साफ उडालेला, तरी माणसावरचा विश्वास गमावणं हे पाप आहे असं त्यांनी त्यात म्हटलं. गुरुजी हे सांगत होते तेव्हा आम्ही उदयनसमोरच्या झाडाखाली उभे होतो.

उदयन, कोणार्क, श्यामली, पुनश्च, उदीची अशी पाच घरं उत्तरायणच्या आवारात आहेत. कवीला एका घरात फार दिवस करमायचं नाही. मला श्यामली सगळ्यात आवडलं. १९३५ सालचं मातीचं घर, छतसुद्धा मातीचं. बाहेरच्या भिंतींवर नंदलाल बोस, रामकिंकर बैज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढलेली उठावचित्रं. गांधीजी इथे उतरले होते. खेड्यातल्या माणसाला परवडेल आणि आगीला बळी पडणार नाही असं घर बांधता येईल का, याचा तो प्रयोग होता.

संग्रहालयात नोबेल पदकाची प्रतिकृती आहे. मूळ पदक २५ मार्च २००४ रोजी चोरीला गेल्याचं उघडकीला आलं, ते अजून मिळालेलं नाही. ते सांगताना गुरुजींचा आवाज बसला. मग त्यांनी विषय बदलला आणि इथल्या साहित्यसभेबद्दल भरभरून बोलले. मंगळवारी संध्याकाळी मुलं स्वतः लिहिलेलं वाचतात, गातात, नाचतात. आवडलं तर टाळ्या वाजवत नाहीत, सगळे 'साधू, साधू' म्हणतात. पाचवीतल्या मुलाची पहिली कविताही त्याच गंभीरपणे ऐकली जाते. त्यांच्या वर्गातल्या कोणाला इथे येऊन कविता जमली नाही असं झालं नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं.

११ मे, शांतिनिकेतन

कवीचे वडील देवेंद्रनाथ यांनी १८६३ मध्ये इथली वीस बिघे जमीन घेतली, ती दोन छातिम वृक्षांखाली बसून मिळालेल्या शांतीमुळे. छातिम म्हणजे आपली सातवीण. पदवीदानाच्या वेळी विद्यार्थ्यांच्या हाती पूर्वी याच झाडाची पानं देत. १९०१ मध्ये पाच मुलांना घेऊन ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला, १९२१ मध्ये विश्वभारती. काचेच्या मंदिरात मूर्ती नाही. दर बुधवारी तिथे उपासना होते, म्हणून आठवड्याची सुट्टीही बुधवारीच. २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

पंडित भीमराव शास्त्री इथे शास्त्रीय संगीत शिकवत, हे आत्याला ठाऊक होतं. संगीतभवनाच्या दारापाशी ती बराच वेळ उभी राहिली. विनायक मासोजी कलाभवनात आधी विद्यार्थी होते, मग शिक्षक. आपली माणसं इथे घरच्यासारखी राहून गेली आहेत.

कलाभवनाच्या अंगणात रामकिंकरांचं 'संथाळ कुटुंब' आहे, १९३८ चं. सिमेंट आणि तांबडा मुरूम यांचं ओबडधोबड शिल्प: कावड घेतलेला पुरुष, मूल कडेवर घेतलेली बाई, सोबत कुत्रा. बीरभूमची ही माती कोकणातल्या जांभ्याच्या जातकुळीतली, त्यामुळे ती माणसं मला रत्नागिरीच्या कातळावरून चालत आल्यासारखी वाटली. मूर्तिकाराने शेजारीपाजारी राहणारी माणसं उघड्या आभाळाखाली मांडली, हा कवीच्या शाळेचाच संस्कार.

दुपारी गुरुजींच्या घरी जेवायला होतो. पोस्तो, म्हणजे खसखस घालून केलेली भाजी, आंब्याची चटणी, मूगडाळ. त्यांच्या पत्नीने आत्याला गायला लावलं. तिने तुकारामाचा 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' म्हटला. अर्थ सांगितल्यावर गुरुजी उठून आत गेले आणि १९२८ पासून इथे चालत आलेल्या वृक्षारोपण उत्सवाचे फोटो घेऊन आले. रोपटं सजवलेल्या पालखीतून आणतात, मुली पुढे नाचत असतात, पृथ्वी, जल, तेज, वायू, आकाश यांच्या वेषातली मुलं त्याला आशीर्वाद देतात. आता हा उत्सव २२ श्रावणाला होतो. म्हणजे कवी ज्या दिवशी गेले, त्या दिवशी इथे झाड लावतात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या श्रीनिकेतनात हलकर्षण, नांगराची पूजा आणि प्रत्यक्ष नांगरणी.

आत्याने तिथल्या तिथे पंचांग मागवून ऑगस्टमधली तारीख बघितली. गुरुजी म्हणाले, पावसाळ्यात या, कोपाई नदी तेव्हा बघण्यासारखी असते, पण राहायची सोय आत्ताच करून ठेवा. परतीच्या गाडीला तीन तास होते, तेवढ्यात स्टेशनजवळच्या एका लॉजवर दोन खोल्यांसाठी आगाऊ पैसे भरून आलो. दुसरी खोली आत्याच्या शाळेतल्या मैत्रिणींसाठी आहे. त्यांना तिने फोन करून आधीच सांगून टाकलंय.